टेबलावरचं मैदान : मुलासोबत घरीच बनवा सोंगट्यांचा फुटबॉल

पीटर अ‍ॅडॉल्फ यांनी १९४७ साली इंग्लंडमध्ये 'सबुटियो' हा टेबलावरचा फुटबॉल विकायला काढला, तेव्हा त्याच्या डब्यात मैदान नव्हतंच. एक खडू असायचा. घरातलं जुनं ब्लँकेट पसरा आणि त्यावर रेघा मारून घ्या, अशी कल्पना होती. खेळाडू पुठ्ठ्याचे चपटे, गोलची चौकट तारेची, जाळी कागदाची. पुढे जगभर गाजलेल्या खेळाची सुरुवात इतक्या साध्या सामानावर झाली, त्यामुळे आपल्याकडे महागड्या सोंगट्या नाहीत म्हणून अडून बसायचं कारण नाही.

सबुटियो बोटाने टिचकी मारून खेळतात. दुसरा प्रकार फाशांचा. त्यात मैदान घरांमध्ये आखलेलं असतं, प्रत्येक सोंगटीची ताकद आकड्यांत लिहिलेली असते आणि पास जमला की फसला ते फासा सांगतो. गेम्स वर्कशॉप या कंपनीचा १९८६ मध्ये आलेला 'ब्लड बोल' हा या घराण्यातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ: २६ बाय १५ घरांचं मैदान, मैदानात एका वेळी प्रत्येकी अकरा खेळाडू, आणि एका सत्रात प्रत्येकाच्या आठ पाळ्या. मोठ्यांना त्यात संध्याकाळ कशी गेली कळत नाही, पण सात-आठ वर्षांचं मूल तिसऱ्या पाळीला टेबलाखाली जाऊन बसेल. म्हणून या लेखातला खेळ फाशांचाच आहे, फक्त अर्ध्या तासात संपणारा आणि ज्याचे सगळे नियम एका कागदावर मावतील असा. तो तयार करून मुलासमोर ठेवायचा नाही. मैदान आखण्यापासून नियम बदलण्यापर्यंत मूल त्यात हवं, नाहीतर तो 'बाबांचा खेळ' किंवा 'आईचा खेळ' होतो आणि दोन दिवसांत कपाटात जातो.

मैदान

ए-थ्री आकाराचा एक कोरा कागद घ्या. तो ४२ बाय २९.७ सेंटिमीटर असतो. त्यावर ३ सेंटिमीटरची घरं लांबीत १३ आणि रुंदीत ९ बरोबर बसतात आणि चारही बाजूंना साधारण सव्वा ते दीड सेंटिमीटरची कड उरते. १३ आणि ९ या दोन्ही विषम संख्या मुद्दाम घेतल्या आहेत. त्यामुळे मैदानाला एक मधलं घर मिळतं आणि चेंडू तिथे ठेवता येतो.

कागदाच्या आखूड बाजूला मधली तीन घरं म्हणजे गोलचं तोंड. तिथल्या कडेवर जाळी रंगवा. सातवा स्तंभ हलक्या रंगाने भरला की मध्यरेषा झाली. मापं तुम्ही पेन्सिलने टाका, रेघा मुलाला ओढू द्या. वाकड्या आल्या तरी चालतील, घरं ओळखू आली म्हणजे झालं. रंगवून झाल्यावर कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि वर जड वह्या ठेवून रात्रभर दाबून ठेवा. नाहीतर गोंद सुकताना पुठ्ठा वाळलेल्या पानासारखा वळतो आणि कोपऱ्यातल्या सोंगट्या घसरत राहतात.

सोंगट्या

इथे घाई करू नका. मुलाचा जीव सगळ्यात जास्त यातच रमतो.

सोपा आणि टिकणारा प्रकार म्हणजे घडीची कागदी सोंगटी. थोडा जाड ड्रॉइंग पेपर घेऊन २ सेंटिमीटर रुंद आणि ९.४ सेंटिमीटर लांब पट्टी कापा. पट्टी बरोबर मधोमध दुमडा. दोन्ही टोकांना ७-७ मिलिमीटरचे कान बाहेरच्या बाजूला वळवा. आता ४ सेंटिमीटर उंचीची, दोन्ही बाजू असलेली सोंगटी उभी राहते. चित्र काढण्याआधीच दुमडायचं, हे महत्त्वाचं. सपाट पट्टीवर पुढची आणि मागची बाजू सलग काढली तर दुमडल्यावर एक चित्र शीर्षासन करतं. पुढे चेहरा, मागे पाठ आणि जर्सीचा नंबर. दोन्ही कानांना गोंद लावून सोंगटी २.५ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर चिकटवा. कान ७ मिलिमीटरचे ठेवले तर ते चकतीबाहेर डोकावत नाहीत. चकतीखाली एखादं लोखंडी वॉशर चिकटवलं की पंख्याच्या वाऱ्याने संघ आडवा होत नाही.

ज्यांना मातीकाम आवडतं त्यांनी हवेवर वाळणारी माती वापरावी. मात्र हातपाय धडापासून लांब काढू नका, ते पहिल्याच सामन्यात मोडतात. धडाला चिकटलेले हात आणि जाडजूड पाय, इतपत पुरे. घरात छोटे प्लास्टिकचे प्राणी असतील तर तेही चकतीवर चिकटवून खेळाडू होतात. गोलात डायनासोर उभा असेल तर सामन्याला वेगळीच रंगत येते.

घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर वॉशर, फासे आणि छोटा चेंडू त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. या सगळ्या वस्तू सहज तोंडात जाणाऱ्या आहेत.

प्रत्येक संघात पाच खेळाडू: एक गोलकीपर, दोन बचावपटू, एक मधला आणि एक आक्रमक. चकतीच्या कडेला पदाप्रमाणे रंगाचा ठिपका द्या, म्हणजे कागद बघावा लागत नाही. चेंडू म्हणून एखादा मणी चालेल. तो घरंगळू नये म्हणून चिमूटभर चिकट माती लावून चेंडूवाल्या सोंगटीच्या चकतीवरच बसवायचा.

आकडे

दोनच आकडे ठेवा. 'धाव' म्हणजे सोंगटी एका चालीत किती घरं जाते. 'कसब' म्हणजे फाशावर किमान किती पडायला हवं.

कसब सगळ्यांचं ४. फक्त आक्रमकाचं ३. म्हणजे आक्रमकाला ३ किंवा जास्त पडलं की जमलं, बाकीच्यांना ४ किंवा जास्त हवं. धाव अशी: गोलकीपर २, बचावपटू ३, आक्रमक ४, मधला ५. बचावपटूला झडप घालताना फाशात १ मिळवायचा. सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे ठेवून एकदोनच अपवाद केले की सात वर्षांचं मूलही ते एका सामन्यात पाठ करतं.

फासे नेहमीचे सहा बाजूंचेच. ते पुठ्ठ्याच्या खोक्याच्या झाकणात, आत कापड लावून टाकायचे. झाकणाबाहेर गेलेला किंवा कलंडून अडकलेला फासा पुन्हा टाकायचा. हे सामन्याआधीच बोलून घ्या. निम्मी भांडणं याच्यावरून होतात.

खेळायचं कसं

सुरुवातीला दोन्ही संघ आपापल्या अर्ध्या भागात हवे तसे उभे राहतात. चेंडू मधल्या घरात, आणि ज्याच्याकडे पहिली पाळी त्याची एक सोंगटी त्या घरात. समोरच्याने मधल्या घराला लागून उभं राहायचं नाही. गोल झाला की पुन्हा याच मांडणीने सुरुवात, आणि गोल खाल्लेल्याची पाळी.

एका पाळीत तीन चाली. तिन्ही वेगवेगळ्या सोंगट्यांच्या. चाली चार प्रकारच्या:

धाव. आकड्याइतकी घरं, कुठल्याही दिशेने. तिरकं घरसुद्धा एकच मोजायचं. दुसऱ्या सोंगटीच्या घरातून जाता येत नाही. मोकळ्या चेंडूच्या घरात पोचलं की चेंडू आपला.

पास. तीन घरांपर्यंत सोपा, चार ते सहा अवघड, त्यापुढे नाही. कसबाइतकं पडलं तर चेंडू साथीदाराकडे. चुकला तर साथीदाराशेजारच्या कुठल्या रिकाम्या घरात चेंडू ठेवायचा ते समोरचा ठरवतो, आणि आपली पाळी तिथेच संपते.

झडप. चेंडूवाल्याच्या शेजारच्या घरात असाल तरच. दोघांनी एकेक फासा टाकायचा. झडप घालणाऱ्याचा मोठा आला तर चेंडू त्याचा, बरोबरी झाली तर चेंडू होता तिथेच. झडप फसली तरी पाळी संपत नाही, तेवढी चाल वाया जाते. गोलकीपरने पकडलेल्या चेंडूवर झडप नाही.

फटका. अंतर गोलच्या तोंडातल्या सगळ्यात जवळच्या घरापर्यंत मोजायचं. तीन घरांपर्यंत सोपा, चार-पाच घरांवरून अवघड, त्याहून लांबून नाही. कसबाइतकं पडून फटका नेमका बसला तर गोलकीपर फासा टाकतो. त्याला ४ किंवा जास्त पडलं तर अडवला, नाहीतर गोल. गोलकीपर तोंडातल्या तीन घरांत नसेल तर विचारायलाच नको, गोलच. फटक्यानंतर पाळी संपतेच. गोल झाला नाही तर चेंडू गोलकीपरच्या हातात, आणि तो तोंडात नसेल तर तोंडाच्या मधल्या घरात.

'अवघड' हा शब्द दोनदा आला. अशा वेळी आकड्यांची वजाबाकी करायला लावू नका, लहान मुलांचा खेळ तिथे थबकतो. त्याऐवजी दोन फासे टाकायचे आणि त्यातला लहान धरायचा. पास देणाऱ्याच्या किंवा फटका मारणाऱ्याच्या शेजारी समोरचा खेळाडू उभा असला तरीही अवघडच. दोन अडचणी एकत्र आल्या तरी फासे दोनच.

एका सत्रात प्रत्येकाच्या सहा पाळ्या, अशी दोन सत्रं. सहा वर्षांच्या आतबाहेरचं मूल असेल तर चार पाळ्या.

एक पाळी नीट बघू

खेळाची खरी गंमत इथे आहे. कागद-पेन्सिल घेऊन मुलाबरोबर हे गणित एकदा करून बघा.

समजा तुमचा मधला आठव्या स्तंभात, चेंडू त्याच्याकडे, आजूबाजूला कोणी नाही. आक्रमक अकराव्या स्तंभात गोलसमोर. दोघांमधलं अंतर तीन घरं.

पहिला मार्ग: मधल्याने इथूनच फटका मारायचा. अंतर पाच घरं, म्हणजे अवघड. दोन्ही फाशांवर ४ किंवा जास्त यायला हवं, म्हणजे चारात एकदा. त्यातले निम्मे गोलकीपर अडवणार. एकूण आठात एक गोल.

दुसरा मार्ग: आधी आक्रमकाला पास, मग त्याचा फटका. पास निम्म्या वेळा जमतो. आक्रमक मोकळा असेल तर फटका तीनात दोनदा नेमका बसतो आणि निम्मा अडवला जातो. गुणाकार केला की सहात एक गोल. म्हणजे पास दिलेला बरा.

आता आक्रमकाच्या शेजारी समोरचा बचावपटू उभा आहे असं धरा. फटका अवघड झाला. दोन्ही फाशांवर ३ किंवा जास्त येण्याची शक्यता छत्तीसात सोळा. पास आणि गोलकीपर धरून एकूण नवात एक. म्हणजे आता लांबून मारलेला फटका थोडा सरस!

हे कळलं की मूल 'मारू का, मारू का' म्हणायचं थांबतं आणि आक्रमकाला मोकळं कसं करायचं ते शोधू लागतं. पण पळालेला आक्रमक त्याच पाळीत फटका मारू शकत नाही, कारण एका सोंगटीला एकच चाल. त्यामुळे जागा एक पाळी आधी धरून ठेवावी लागते. समोरच्यालाही तोवर बचावपटू आणून उभा करायला वेळ मिळतो. तुम्ही काही शिकवायला जाऊ नका. फक्त आपल्या पाळीत विचार मोठ्याने करा: 'हा इकडे गेला तर तू झडप घालशील का?' मुलं हे फार लवकर उचलतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. ज्या चालीला फासा लागत नाही ती आधी खेळायची, धोक्याची शेवटी. पास फसला की पाळी संपते, मग मागचा बचावपटू परत आणायचा राहून जातो. ब्लड बोल खेळणारे अगदी हेच एकमेकांना सांगत असतात. तिथेही महत्त्वाचा फासा फसला की पाळी समोरच्याकडे जाते, आणि खेळाचा सगळा ताण त्या एका नियमात आहे.

झडपेचं गणितही सांगून ठेवतो. साधा खेळाडू छत्तीसात पंधरा वेळा चेंडू काढतो, बचावपटू एकवीस वेळा. तीन साध्या खेळाडूंनी घेरून एकामागून एक झडप घातली तर पाचातले जवळजवळ चार वेळा चेंडू मिळतो, पण मागे मैदान मोकळं पडतं.

नियम एकदम सांगू नका

पहिल्या दिवशी प्रत्येकी दोन खेळाडू आणि एक गोलकीपर, आणि फक्त धाव आणि फटका. दहा मिनिटांत संपवा. मूल स्वतःच म्हणेल, 'पण मला त्याच्याकडून चेंडू घेता का येत नाही?' मग झडप आणायची. पास त्याच्या पुढच्या वेळी, आणि 'अवघड' सगळ्यात शेवटी. ज्या नियमाची मागणी मुलाकडून येते तो समजावून सांगावा लागत नाही.

मुद्दाम हरायचं का?

नाही. चार-पाच वर्षांच्या मुलालाही कळतं की समोरचा हळूच सोडून देतोय, आणि मग जिंकण्यातली मजा जाते. पण पूर्ण ताकदीने खेळून रोज हरवण्यातही अर्थ नाही. आपल्या खेळांत लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात, तसंही नको. लिंबूटिंबूला माहीत असतं की आपली धाव मोजली जात नाहीये.

उघड सवलत द्या. रंगीत कागदाच्या तीन चकत्या कापा आणि सामन्याआधी मुलाला द्या. एक चकती खर्च केली की त्या वेळेला दोन फासे टाकायचे आणि मोठा धरायचा. जिथे ४ हवेत तिथे निम्म्याची शक्यता एकदम चारात तीन होते. चाल आधीच अवघड असेल तर चकती ती अडचण रद्द करते आणि एकच फासा टाकायचा. चकती फासा टाकण्याआधी द्यायची, पडल्यावर नाही.

मुलाने सामना जिंकला की पुढच्या वेळी एक चकती कमी, हरला तर एक जास्त. काही सामन्यांत सवलत आपोआप योग्य जागी येऊन थांबते, कोणी न्यायाधीश व्हायची गरज नाही. एखाद्या दिवशी चकत्या शून्यावर येतात आणि पुढचा सामनाही मूलच जिंकतं. तेव्हा चकती तुम्ही घ्या, न लाजता.

चकत्या असूनही रडू येईल. हरल्यावर दोन मिनिटं गप्प राहायला हरकत नाही. त्यानंतर एक काम ठेवलेलं बरं: सामन्याचा उत्तम खेळाडू दोघांनी निवडायचा, मात्र समोरच्याच्या संघातून. रागात असलेल्या मुलालाही तुमच्या एखाद्या सोंगटीचं नाव घ्यावं लागतं आणि लक्ष तिकडे वळतं. अगदीच रडीचा डाव सुरू झाला, सोंगट्या उधळल्या गेल्या, तर सामना तिथेच थांबवून मैदान आवरा. स्कोअर लिहून ठेवा, उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी.

'माझा ड्रॅगन उडतो'

हे येणारच. मुलाने गोलकीपर म्हणून ड्रॅगन रंगवलाय, त्याला पंख आहेत, मग तो उडणार नाही तर काय करणार! सरळ 'नाही' म्हणू नका, किंमत ठरवा. प्रत्येक संघात एकाच खेळाडूला एक खास ताकद, एका सत्रात एकदाच, आणि बदल्यात त्याची धाव एकाने कमी. ड्रॅगन एकदा सोंगट्यांवरून उडून जाईल, पण एरवी एकच घर चालेल. चालेल का? मुलालाच ठरवू द्या. काही जण बराच वेळ हिशोब करून उडणं नाकारतात.

नियमांसाठी एक वही करा. त्यात तीन गोष्टी पहिल्या पानावर: नियम सामना चालू असताना बदलायचा नाही, नवा नियम दोघांनाही सारखाच लागू, आणि एक नियम वाढवला की एक काढायचा. तिसरी अट तुमच्यासाठी जास्त आहे. फाउल, पिवळं कार्ड, पाऊस, दुखापत असं मोठ्यांनाच सुचत जातं आणि अर्ध्या तासाचा खेळ दीड तासावर जातो. सामन्यात एखाद्या गोष्टीवर वहीत उत्तर नसेल तर सम-विषम फासा टाकून पुढे जा आणि चर्चा शेवटी करा.

लीग

खेळ महिनाभर टिकला तर एकेक संघ वाढवा. चार संघ झाले की प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळून सहा सामने होतात. दोन संघ तुमचे, दोन मुलाचे. मुलाच्या दोन संघांचा आपापसातला सामना ते एकटं दोन्ही बाजूंनी खेळतं. तुमच्या दोन संघांचा सामना मात्र तुम्हाला खेळावा लागेल, आणि शेजारी उभं राहून कोणी फासे मोजत असेल. विजयाला ३ गुण, बरोबरीला १.

उत्तम खेळाडू ठरलेल्या सोंगटीच्या चकतीवर एक तारा काढा. तीन तारे झाले की तिची धाव एकाने वाढवा किंवा कसब एकाने सुधारा, पण कसब २ च्या खाली न्यायचं नाही. १ पडला की प्रत्येकाचं चुकलंच पाहिजे. धावही ६ च्या वर नको, नाहीतर १३ घरांचं मैदान तोकडं पडतं. लीग संपली की तारे तसेच ठेवा, वाढलेले आकडे मूळ जागी आणा आणि शेवटच्या संघाला पुढच्या लीगमध्ये पहिली पाळी द्या.

सोंगट्या ठेवायला उथळ खोकं घ्या, तळाला कापड, आणि संघागणिक पुठ्ठ्याची आडवी भिंत. कागदी सोंगट्या उभ्याच ठेवा. आडव्या एकावर एक रचल्या तर मानेपाशी वाकतात, आणि वाकलेली सोंगटी सरळ करण्यापेक्षा नवी करणं सोपं जातं.